नांदण्याचा हुकूम



एक गोष्ट आपल्या भागात घडली, तिच्यापासून सुरुवात करतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना आता प्रत्येक तारखेला मुंबई गाठायला नको. वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. न्यायालय दाराशी आलं, ते चांगलंच झालं. पण न्यायालय जवळ आलं म्हणून निकाल आपोआप जवळ येत नाही. निकाल वाचावा लागतो. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, निकालपत्राची होत नाही. वास्तविक निकालपत्र हेही एक गद्य आहे. त्यात काही गृहीत धरलेलं असतं, काही सिद्ध केलेलं असतं, आणि काही गुपचूप वगळलेलं असतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचं कामच हे तिन्ही वेगळं करण्याचं आहे. कुणी म्हणेल, सर, असं बोलणं न्यायालयाचा अवमान होईल. होत नाही. १९७१ चा अवमान कायदाच सांगतो की निकाल लागलेल्या खटल्याची रास्त चिकित्सा म्हणजे अवमान नव्हे.

आज मी एका जुन्या खटल्याची निकालपत्रं समोर घेतो आहे. न्यायाधीश इंग्रज, कायद्याचं हत्यार इंग्रजी, बाई आपली मराठी. खटला रखमाबाईंचा. काहींना हे नाव मोहिनी वर्दे यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे माहीत असेल, काहींना सिनेमामुळे. मला बाईंचं चरित्र सांगायचं नाही. मला निकाल तपासायचा आहे, कारण त्या निकालातलं एक कलम आजही आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज चालतं.

ते कलम कोणतं? कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव 'वैवाहिक हक्कांचं पुनःस्थापन'. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. कोर्टाच्या आवारात कुणी हे नाव घेत नाही. तिथं म्हणतात, 'नांदायला येण्याचा दावा टाकलाय'. नवऱ्यानं टाकला तर 'बायकोनं नांदायला यावं', बायकोनं टाकला तर 'नवऱ्यानं नांदवून घ्यावं'. माझ्या मते लोकांनी केलेलं हे भाषांतर मूळ शब्दापेक्षा जास्त खरं आहे, आणि म्हणूनच ते त्या कायद्याची पोल उघडी करतं. 'नांदणे' या क्रियापदाकडे बघा. आपण नुसतं 'राहणं' म्हणत नाही. तुरुंगात माणूस राहतो, नांदत नाही. लॉजवर उतरतो, नांदत नाही. नांदण्यात सुख आहे, वाढणं आहे, स्वतःच्या मनानं रुजणं आहे. म्हणून तर लग्नात आशीर्वाद देतो, हुकूम देत नाही. आता प्रश्न असा: जी गोष्ट फक्त आशीर्वादानं मागता येते, तिचा हुकूमनामा निघू शकतो का? निघाला, तर त्यातून नक्की काय बजावलं जातं?

खटल्याची हकिकत थोडक्यात. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं; त्यांच्या जातीत विधवेच्या लग्नाला मुभा होती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. लग्नानंतर त्या आईकडेच, सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या. तिथं पुस्तकं होती, शिकणारी माणसं येत-जात होती. मुलगी वाचायला लागली. दादाजींचं शिक्षण मागेच पडलं, प्रकृती ढासळली, कमाई नाही. वर्षं गेली. १८८४ च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस दिली: माझी बायको माझ्याकडे पाठवा. रखमाबाईंनी सांगितलं, मी जाणार नाही. दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला.

पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ चा, न्यायमूर्ती पिन्ही यांचा. त्यांनी दावा फेटाळला. रखमाबाई जिंकल्या. सुधारकांना आनंद झाला, आणि आजही या निकालाचं कौतुक होतं. कौतुक जरूर करावं, पण आधी युक्तिवाद बघू या.

पिन्ही यांचं म्हणणं असं. पुनःस्थापन म्हणजे जे होतं आणि तुटलं, ते पुन्हा जोडणं. इंग्लंडमधले सगळे दाखले अशा नवरा-बायकोंचे आहेत, ज्यांनी जाणत्या वयात लग्न केलं, संसार केला आणि मग एक जण निघून गेला. इथं संसार झालेलाच नाही. लग्न लागलं तेव्हा मुलगी अजाण होती. मग पुनःस्थापन कशाचं? वादी जे मागतो आहे ते पहिल्यांदाच 'स्थापन' करणं आहे, आणि त्याला ना इंग्रजी कायद्यात आधार, ना हिंदू कायद्यात. एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं त्यांना अमानुष वाटलं, आणि तसं त्यांनी स्पष्ट म्हटलंही.

'पुनः' या उपसर्गावर आख्खा खटला तोलून धरणारा हा युक्तिवाद मोठा हुशार आहे. पण पाया कुठं आहे ते बघा. समजा रखमाबाई लग्नानंतर सासरी चार दिवस जाऊन आल्या असत्या, तर? मग 'संसार झाला होता' असं म्हणावं लागलं असतं, पुनःस्थापनाला जागा झाली असती, आणि त्याच बाईला, त्याच अनिच्छेसकट, त्याच न्यायाधीशाला परत पाठवावं लागलं असतं. म्हणजे पिन्ही यांनी बाईला मोकळं केलं ते तिला नको होतं म्हणून नव्हे, तर ती कधी गेली नव्हती म्हणून. अनिच्छेचा उल्लेख निकालात आहे, पण तो हळहळ म्हणून आहे, कारण म्हणून नाही. न्यायाधीशाचं मन एकीकडे बोलतंय आणि तर्क दुसरीकडे चाललाय. मन मोठं आहे. तर्काचा धागा मात्र कच्चा. कच्च्या सुताचं कापड मागावर दिसतं छान, ताण आला की तुटतं. हे कबनूरला मी वेगळं सांगायला नको.

ताण लवकरच आला. अपील झालं. मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८ मार्च १८८६ रोजी पिन्ही यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुनावणीला पाठवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हिंदू विवाह विधी झाला की पूर्ण होतो. पुढे संसार झाला की नाही, याचा लग्नाच्या पूर्णतेशी संबंध नाही. लग्न पूर्ण, म्हणजे पतिपत्नीची कर्तव्यं सुरू. पत्नीनं पतीकडे राहावं हे शास्त्रानं सांगितलेलं कर्तव्य आहे. कर्तव्य आहे, तर दिवाणी न्यायालय ते बजावू शकतं.

पायरी-पायरीनं बघितलं तर हा निकाल पिन्हींपेक्षा पक्का वाटतो. पण शेवटची पायरी पुन्हा वाचा: 'कर्तव्य आहे, म्हणून न्यायालय ते बजावू शकतं.' हे कुणी ठरवलं? मुलानं म्हाताऱ्या बापाशी गोड बोलावं, हे कर्तव्य आहे. न्यायालय ते बजावेल का? बापाला पोटगी द्यायला लावेल. गोड बोलायला लावणार नाही, कारण लावताच येत नाही. काही कर्तव्यं अशी असतात की ती जबरदस्तीनं करवून घेतली की ती उरतच नाहीत. दान हे त्यातलं. मैत्री त्यातली. नांदणं त्यातलं. सार्जंट यांच्या निकालात हा फरकच नाही. धर्मशास्त्रातलं कर्तव्य आणि दिवाणी देणं त्यांनी एकाच खात्यावर मांडलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शास्त्रकारांनी पत्नीला कर्तव्यं भरपूर सांगितली, त्यात तिच्या मनाचा विचार फारसा नाही, हे मी लपवणार नाही. पण मुदत घालून देणारा हुकूमनामा, आणि तो मोडला तर सहा महिने कैद, ही तऱ्हा शास्त्राची नव्हे. ती आली इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून. तिथं लग्न हा धर्माचा करार, तो मोडून निघून गेलेल्याला चर्च बहिष्कृत करायचं. १८१३ च्या कायद्यानं बहिष्काराऐवजी कैद आली. १८५७ साली ही प्रकरणं चर्चकडून दिवाणी न्यायालयाकडे गेली. म्हणजे आपल्याकडे काय झालं? हक्क इथल्या शास्त्रातून घेतला, हत्यार तिथल्या चर्चमधून. इंग्लंडच्या कायद्यात निदान एवढी अपेक्षा होती की वधूवरांनी जाणत्या वयात होकार दिलेला असावा. आपल्या शास्त्रात निदान कैद नव्हती. दोन्ही परंपरांतली जी काही थोडीफार सोय बाईच्या बाजूची होती, ती दोन्हीकडून गळली आणि उरलेलं एकत्र शिवलं. जे तयार झालं ते ना हिंदू, ना इंग्रजी. ते मुंबई उच्च न्यायालयात जन्मलेलं तिसरंच काही होतं. आणि गंमत अशी की पुढे त्यालाच 'आपली परंपरा' म्हणून वाचवायला लोक उभे राहिले.

त्या लोकांबद्दलही न्यायानं बोलायला हवं. 'केसरी' आणि 'मराठा' रखमाबाईंच्या विरोधात होते. परक्या सरकारच्या न्यायाधीशानं आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा व्हायची तर ती आमची आम्ही करू, हा त्यांचा सूर. या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे: कायदा बदलण्याचा अधिकार कुणाचा, हा खरा प्रश्न आहे. पण ज्या परक्या हाताची त्यांना एवढी चीड होती, तोच हात जेव्हा बाईला सासरी ढकलू लागला, तेव्हा तो त्यांना परका वाटला नाही. हुकूमनामा आणि कैद या दोन्ही गोष्टी तितक्याच विलायती होत्या. तत्त्व एकच असेल तर ते दोन्हीकडे लावावं लागतं.

फेरसुनावणी न्यायमूर्ती फॅरन यांच्यासमोर झाली. ४ मार्च १८८७ रोजी हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी सांगितलं, कैद पत्करीन, जाणार नाही. त्यांच्या या उत्तराला लोक धैर्य म्हणतात. धैर्य आहेच. पण मी त्याला या खटल्यातला सगळ्यांत चोख युक्तिवादही म्हणेन. तिन्ही न्यायपीठांनी जो प्रश्न टाळला, तो तिनं एका वाक्यात पटलावर ठेवला. तुम्ही माझं शरीर कोठडीत ठेवू शकता, सासरच्या उंबऱ्यातही ठेवू शकता. दोन्हींत तुमच्या हाती येतं ते शरीरच. मग निदान त्याला तुरुंग म्हणा, संसार म्हणू नका.

आता इंग्लंडकडे वळू, कारण इथं काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. १८८७ साली मुंबईत ज्या कैदेची धमकी दिली गेली, ती कैद खुद्द इंग्लंडमध्ये १८८४ सालीच रद्द झाली होती! म्हणजे रखमाबाईंना पहिली नोटीस गेली त्याच वर्षी. आणि ती रद्द कशी झाली, हे ऐकण्यासारखं आहे. जॉर्जिना वेल्डन नावाची एक बाई. नवऱ्यानं टाकलेली. तिनं स्वतःच नवऱ्याविरुद्ध पुनःस्थापनाचा हुकूमनामा मिळवला. नवरा ऐकेना. आता कायद्याप्रमाणे तुरुंगात जायची पाळी एका प्रतिष्ठित पुरुषावर आली. झालं, पार्लमेंट जागं झालं. १८८४ च्या कायद्यानं कैद गेली. हुकूम न पाळणं म्हणजे जोडीदाराला टाकून देणं, एवढाच अर्थ उरला. मुंबईत मात्र १८८२ ची दिवाणी प्रक्रिया संहिता तशीच राहिली, कारण इथं तुरुंगाच्या दारात उभी होती ती एक बाई, आणि तीही काळी. हिंदुस्थानात ही कैद कायद्यातून जायला १९२३ साल उजाडलं.

पुढे १८९१ साली इंग्लंडमधला जॅक्सन खटला. लँकेशरमधल्या क्लिदेरो गावी एका नवऱ्यानं चर्चमधून बाहेर पडणाऱ्या बायकोला पकडून गाडीत घातलं आणि घरात डांबलं. त्याच्याकडे पुनःस्थापनाचा हुकूमनामा होता. अपील न्यायालयानं बाईला सोडवलं आणि सांगितलं की नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवण्याचा हक्क नाही. शेवटी १९७० च्या कायद्यानं इंग्लंडनं हा दावाच मोडीत काढला. आज लंडनमध्ये तुम्ही नांदायला येण्याचा दावा लावू शकत नाही. इचलकरंजीत लावू शकता.

अलीकडची गोष्ट सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की इंग्रज न्यायाधीश आता सगळे देवमाणूस झालेत. २०१८ सालचा ओवेन्स खटला. सत्तरीकडे झुकलेली एक बाई घर सोडून वेगळी राहत होती, तिला घटस्फोट हवा होता. नवऱ्यानं विरोध केला. जुना कायदा म्हणत होता, नवऱ्याचं वागणं असह्य असल्याचं सिद्ध करा, नाहीतर पाच वर्षं वेगळं राहून दाखवा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं तिचं अपील फेटाळलं. पण न्यायाधीशांनी स्वतःच्या निकालाबद्दल आपली अस्वस्थता लपवली नाही. कायदा असा आहे, तो बदलायचा तर पार्लमेंटनं बदलावा, असं त्यांनी सरळ मांडलं. आणि पार्लमेंटनं बदलला. २०२० साली कायदा झाला, ६ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. आता तिथं एका जोडीदारानं 'हे लग्न सावरण्यापलीकडे गेलं आहे' असं लेखी निवेदन दिलं की पुरे. दोष सिद्ध करायला नको. ठरावीक मुदत मात्र थांबावं लागतं.

बाई हरली, कायदा बदलला, हे दोन्हीकडे झालं. पण वेल्डनबाईंच्या प्रकरणात आणि ओवेन्स प्रकरणात कायदा काही वर्षांत बदलला. आपल्याकडे काय झालं?

रखमाबाईंची सुटका राणी व्हिक्टोरियानं केली, लग्न मोडून टाकलं, असं आजही लेखांत छापून येतं. ऐकायला बरं वाटतं, पण झालं ते वेगळं. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावण्याचा नाद सोडला. निकाल तसाच राहिला, कायदा तसाच राहिला. एक बाई पैसे मोजून बाहेर पडली. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. आणि त्याच १९५५ च्या मे महिन्यात स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा झाला. त्यात कलम ९ आहे. ज्या दाव्याविरुद्ध ही बाई तुरुंगात जायला निघाली होती, तोच दावा तिच्या डोळ्यांदेखत आपल्या संसदेनं नव्यानं लिहून घेतला. या वेळी दोष देण्यासाठी कुणी इंग्रज न्यायाधीश हाताशी नव्हता.

आपल्याकडे दुसरी वाट नव्हती असंही नाही. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा केला, बायकांच्या छळाला आळा घालण्याचाही केला. म्हणजे लग्नाच्या आत बाईचं काय होतं हे बघणं राज्याचं काम आहे, हा विचार या मातीत शंभर वर्षांपूर्वी होता. घरात कायदा शिरू द्यावा का, हा प्रश्न तेव्हाच सुटला होता. उरला होता तो एवढाच: कायदा घरात शिरतो तो कुणाच्या बाजूनं?

१९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चौधरी यांनी सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. त्यांचा मुद्दा नेमका होता. कुणाशी जवळीक करायची, मूल होऊ द्यायचं की नाही, ही निवड माणसाची असते. हा हुकूमनामा ती निवड माणसाकडून काढून राज्याच्या हाती देतो. अठ्ठ्याण्णव वर्षांनी एका न्यायाधीशानं पिन्ही यांची अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली. इथं अनिच्छा ही हळहळ राहिली नाही, कारण झाली. पण १९८४ साली सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मत नाकारलं आणि कलम वैध ठरवलं. कारण काय दिलं? या हुकूमनाम्यानं कुणाला ओढून नेत नाहीत. फार तर मालमत्तेवर जप्ती येते. हेतू संसार सावरण्याचा आहे. आणि वर्षभरात हुकूम पाळला गेला नाही तर घटस्फोट मागता येतो.

या युक्तिवादाची आपण परीक्षा करू. एक तर हा हुकूम कुणाला नांदायला लावत नाही, हे न्यायालय मान्य करतं. मग त्याला नांदण्याचा हुकूम का म्हणायचं? दुसरं, तो न पाळला तर घटस्फोटाचा रस्ता उघडतो, आणि १९६४ च्या दुरुस्तीनंतर तो रस्ता हुकूम मोडणाऱ्यालाही उघडा आहे. म्हणजे संसार जोडण्याचं कलम प्रत्यक्षात संसार मोडण्याची पायरी झालं. खुद्द त्या खटल्यातच बघा. नांदवून घ्या म्हणून दावा बायकोनं लावला होता. नवऱ्यानं कोर्टात होकार दिला, हुकूमनामा झाला. वर्ष उलटल्यावर त्याच हुकूमनाम्याचा आधार घेऊन नवऱ्यानं घटस्फोट मागितला, आणि त्याला तो मिळाला. आशीर्वाद मागायला गेलेल्या बाईच्या हाती सोडचिठ्ठी आली. कायद्याचं नाव आणि कायद्याचं काम यांत इतकं अंतर पडलं की न्यायालयानं थांबून विचार करायला हवा होता. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला; त्यानंतर तर सरिता निकाल पुन्हा उघडून वाचण्याची गरज अधिकच आहे. २०१९ साली काही विधी विद्यार्थ्यांनी या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्याआधी, २०१८ मध्ये, विधी आयोगानंही आपल्या टिपणात कलम वगळावं असं सुचवलं होतं.

आता समोरचा आक्षेप. तो मी हलका मानत नाही, कारण तो बायकांच्या बाजूचाच आहे. आपल्या भागातले वकील सांगतील की कलम ९ चे दावे नुसते नवरेच लावत नाहीत. माहेरी आणून सोडलेली बाई असते. भाऊ-भावजयीच्या घरात तिचं ओझं झालेलं असतं. सासरी तिच्या नावावर काही नाही, हातात काही नाही. तिला कोर्टाकडून एवढंच हवं असतं की 'मी स्वतः सोडून आले नाही, मला घालवलंय' हे कागदावर यावं. कलम ९ तिच्यासाठी प्रतिष्ठेचा दाखला असतो. हे खरं आहे. पण तिची खरी गरज काय आहे? डोक्यावर छप्पर, पोटाला आधार, आणि 'ही पळून आली' हा ठपका पुसणं. छप्परासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क तो नावानं देतो, त्यासाठी मालकीची अट नाही. पोटासाठी पोटगीचा कायदा आहे. या वाटा अवघड असतील, तर त्या सोप्या करू. पण तिला छप्पर हवं असताना तिच्या हातात नांदण्याचा हुकूम देणं म्हणजे तहानेल्याला भांडं देऊन पाणी न देणं.

उलट बाजूनं हेच कलम कसं वापरलं जातं, तेही बघा. बायको पोटगी मागते, की लगेच नवऱ्याचा नांदायला येण्याचा दावा. हुकूम मिळवायचा, ती आली नाही की म्हणायचं: बघा, हीच येत नाही, मग पोटगी कशाची? १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झारखंडमधल्या एका प्रकरणात या डावाला अटकाव केला. नवऱ्याच्या बाजूनं पुनःस्थापनाचा हुकूम आहे आणि बायको गेली नाही, एवढ्यावर तिची पोटगी आपोआप जात नाही. ती का गेली नाही, हे बघावं लागेल. निकाल चांगला आहे, स्वागत करू. पण वाचताना थांबा. 'ती का गेली नाही हे बघावं लागेल.' म्हणजे अजूनही तिला कारण द्यायचं आहे, आणि ते कारण वाजवी आहे की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवणार आहे. मारहाण हे कारण चालेल. हुंडा चालेल. 'मला नको आहे' हे कारण? १८८५ साली ते चाललं नाही, कलम ९ मध्ये आजही चालत नाही. एकशे चाळीस वर्षांत न्यायालयांनी कारणांची यादी लांबवली, पण यादी तपासायचा अधिकार सोडला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. लग्न हे वचन आहे, हे मला मान्य. वचन मोडणाऱ्यानं किंमत मोजावी, हेही मान्य: पोटगी द्यावी, मुलांचा खर्च द्यावा, स्त्रीधन परत करावं, घर असेल तर राहू द्यावं. ही सगळी देणी मोजता येतात, म्हणून ती न्यायालयानं जरूर वसूल करावीत आणि कठोरपणे करावीत. पण वचनातला जो भाग मोजता येत नाही, त्याची वसुली निघाली की ती वसुली राहत नाही, वेठ होते. वेठबिगारी आपण घटनेनं बंद केली. दिवाणखान्यातली वेठ मात्र कलमाच्या नावानं चालू राहिली, आणि तीही अशा देशाच्या चर्चकडून उसनी घेतलेली, ज्यानं स्वतः ती १९७० साली मोडीत काढली.

कोल्हापूरच्या बेंचसमोर उद्या आपल्या सहा जिल्ह्यांतली अशी प्रकरणं अपिलात येतील. इथं काही तरुण वकील बसलेत, त्यांत मुलीही दिसतात. त्यांना माझी विनंती: अशा प्रकरणात सार्जंटसाहेबांसारखं 'लग्न पूर्ण झालं का' एवढंच विचारू नका, आणि पिन्हीसाहेबांसारखं 'संसार सुरू झाला होता का' एवढ्यावरही थांबू नका. अशिलाच्या वतीनं तो तिसरा प्रश्न लेखी मांडा: या माणसाला नांदायचं आहे का? न्यायालयाला तो प्रश्न नोंदवावा लागेल, आणि नोंदवलेला प्रश्न कधी ना कधी उत्तर मागतो. ज्यांच्या घरात असा दावा चालू आहे त्यांनी वकिलाला निदान एवढं विचारावं, की आपल्याला नक्की काय हवं आहे: माणूस, छप्पर, पोटगी, की नुसता वचपा? चारांसाठी चार वेगळे रस्ते आहेत, आणि पहिल्यासाठी कोर्टात रस्ता नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. वकील मंडळींनी आधी विचारावेत, त्यांच्याशी भांडायला मला आवडेल.